टोपलीतली वेधशाळा

३० मे २०२४ रोजी दुपारी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. नवतपा सुरू होता, ऊन भाजून काढत होतं, त्यामुळे पुष्कळांना तो आकडा खराच वाटला आणि बघता बघता तो देशभर पोचला. जगात आजवर मान्य झालेलं सर्वाधिक तापमान ५६.७ अंश आहे. ते कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदलं गेलं होतं. नागपूर त्या विक्रमाच्या एका अंशाच्या आत येऊन ठेपलं, असा या बातमीचा अर्थ होत होता. शहरातल्या इतर काही केंद्रांचे आकडे मात्र पंचेचाळिशीच्या आसपासच होते. हवामान खात्यानं त्या केंद्राचा सेन्सर बिघडल्याचं स्पष्ट केलं. आदल्या दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदले गेले होते. तिथला सेन्सरही ३ अंश जास्त दाखवत असल्याचं नंतर निष्पन्न झालं.

मुलांबरोबर हवामानाची उपकरणं बनवायला बसलो की मी हीच गोष्ट आधी सांगतो आणि विचारतो, “५६ खरं की खोटं, हे तुम्ही कसं ठरवाल?” पहिली उत्तरं ठरलेली असतात. सर, टीव्हीवर सांगितलं होतं. सर, त्या दिवशी खूपच गरम होतं. मग कोणीतरी म्हणतं, दुसरा थर्मामीटर आणून बाजूला ठेवू. आणि एकदा मागच्या रांगेतून अस्सल नागपुरी प्रश्न आला, “अन् तो पण खराब राहिला तर?”

त्या प्रश्नानं मला या कामाची दिशा दिली. शाळेत उपकरणं बनवण्याचे उपक्रम होतात, प्रदर्शनात ती मांडली जातात, फोटो निघतात आणि ती कपाटावर जातात. पुठ्ठा, स्ट्रॉ आणि फुगा जोडणं हे अर्धंच काम आहे. जोडलेली वस्तू खरं सांगते का, हे तपासणं म्हणजे उरलेलं अर्धं, आणि मुलं खरी रंगतात ती त्यातच. या प्रकरणात मी त्यावरच जास्त बोलणार आहे.

थर्मामीटरपासून सुरुवात करू. तो शाळेत बनवता येत नाही, विकतच घ्यावा लागतो. पाऱ्याचा मुळीच घेऊ नका. फुटला तर पाऱ्याची वाफ विषारी असते. लाल अल्कोहोलचा घ्या, आणि परवडत असेल तर चार-पाच घ्या. ते शेजारी शेजारी ठेवले की मुलांना पहिला धक्का बसतो, कारण पाचही वेगवेगळं सांगतात. एक-दोन अंशांचा फरक सहज निघतो. आता “तो पण खराब राहिला तर?” याचं उत्तर शोधायचं. ते गोळेवाल्याच्या गाडीवर सापडतं. बर्फाचा चुरा पेल्यात भरायचा, तो भिजेल एवढंच पाणी घालायचं, थर्मामीटर त्यात रोवायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्याही खाली असतो. वितळत असलेला बर्फ मात्र शून्यावरच राहतो. पेल्यात शिरणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यातच खर्च होते, तापमान वाढवायला ती उरत नाही. पेला कुणाचाही असो, शहर कुठलंही असो, ही खूण बदलत नाही. तिथे थर्मामीटर १.५ दाखवत असेल, तर त्याच्या पाठीला चिकटपट्टी लावून लिहायचं: उणे १.५. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक आकड्यातून दीड वजा. त्या चिकटपट्टीनंतर तो थर्मामीटर ‘दुकानातला’ राहत नाही, मुलांचा होतो.

दुसरी खूण उकळत्या पाण्याची, पण ती प्रयोगशाळेतल्या ११० अंशांपर्यंतच्या थर्मामीटरसाठीच. घरगुती थर्मामीटर ५० अंशांपर्यंतचा असतो, तो उकळत्या पाण्यात फुटेल. हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. पाणी नागपुरात १०० अंशांवर उकळत नाही, ९९ च्या जवळपास उकळतं. झिरो माइलच्या सर्वेक्षण-खुणेची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट, म्हणजे ३११ मीटर आहे. तेवढ्या चढावर हवेचा दाब कमी होतो आणि उकळणबिंदू एक अंशानं खाली येतो. बर्डीवरून जाता-येता रोज दिसणाऱ्या खांबाचा आणि चुलीवरच्या पातेल्याचा असा संबंध आहे हे कळलं, की मुलं झिरो माइलकडे नव्यानं बघू लागतात.

थर्मामीटर दुरुस्त झाला, आता तो ठेवायचा कुठे? उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. लाल द्रव, काच, मागची पाटी ही सगळी ऊन पितात. हवेचं तापमान हवं असेल तर थर्मामीटरला सावली हवी, पण हवा मात्र त्याच्याभोवती मोकळी खेळायला हवी. दीपगृहं बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६० च्या दशकात त्यासाठी झडपांची पांढरी लाकडी पेटी तयार केली. (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील.) सोनेगावला विमानतळाजवळ आपलं प्रादेशिक हवामान केंद्र आहे, विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं हवामान तिथून पाहिलं जातं. अशा वेधशाळांमधून आजही तापमान याच पेटीत मोजतात.

शाळेला सुताराकडून पेटी करून घेणं जमलं तर उत्तम. नाही तर बुरुडाकडून बांबूच्या दोन टोपल्या आणाव्यात, एक मोठी, एक लहान. दोन्हींना चुन्याचे दोन हात द्यावेत. मोठी लहानीवर पालथी घालून मध्ये दोन बोटांची फट ठेवावी. थर्मामीटर आतल्या टोपलीखाली टांगावा. वरची टोपली ऊन अडवते, फटीतून वारा वाहतो, विणीतून हवा जाते-येते. उंची जमिनीपासून सव्वा मीटर, आणि खाली माती किंवा गवत. सिमेंटच्या गट्टूंवर नको. मग एका दिवशी तीन थर्मामीटर घेऊन बघा: एक उन्हात, एक वर्गाच्या भिंतीवर, एक टोपलीत. हे फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेच्या उन्हात ५० पर्यंतचा थर्मामीटर टिकणार नाही. तीन जागांचे तीन आकडे येतात. तापलेली भिंत संध्याकाळीही उष्णता सोडत असते, त्यामुळे भिंतीवरच्याला ऊन उतरलेलं उशिरा कळतं. मोबाइलवर उन्हात ठेवलेल्या थर्मामीटरचे फोटो फिरतात तेव्हा ही मुलं आधी जागा विचारतात.

आणखी एक बारकावा खास आपल्याकडचा आहे. उत्तर गोलार्धात पेटीचं दार उत्तरेला ठेवायचं, म्हणजे वाचन घेताना ऊन आत येत नाही, असं पुस्तकांत असतं. पण नागपूर २१ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य नागपूरच्या उत्तरेला असतो. त्या दीड-दोन महिन्यांत उत्तरेच्या दारातूनही दुपारी ऊन डोकावू शकतं. दार उत्तरेलाच राहू द्या, पण वाचन झटपट घ्या. आणि मुलांना अंगणात काठी रोवायला सांगा. दुपारची सावली दक्षिणेकडे पडलेली ती स्वतः बघतील.

आता कूलरकडे येऊ. नागपुरात आर्द्रता शिकवायला याहून सोपी वाट नाही. मेमध्ये कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर नुसता ओला वारा फेकतो. का? दोन थर्मामीटर शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळा आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. बोअरवेलचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी चिंधी कडक होते. उकळून गार केलेलं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या. चिंधीतलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला थर्मामीटर खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त. मेच्या दुपारी कोरडा ४४ आणि ओला २३ असला, तर सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास आहे. जुलैत कोरडा २९ आणि ओला २६ असेल, तर ती ८० टक्क्यांजवळ पोचलेली आहे. दोन आकड्यांमधलं अंतर मेमध्ये २१ अंश आणि जुलैत ३ अंश. कूलर हवेला जास्तीत जास्त ओल्या थर्मामीटरच्या आकड्यापर्यंत नेऊ शकतो, त्याच्या खाली नाही. एका बाजूला वाळ्याचे ताटे भिजवण्यात उन्हाळा घालवलेलं शहर आणि दुसऱ्या बाजूला ही चिंधी. दोन्हींचं विज्ञान एकच आहे.

याच आर्द्रतेसाठी केसाचं उपकरणही करता येतं. स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. केस कोरड्या हवेत आखडतो आणि दमट हवेत लांबतो. टोकापासून टोकापर्यंत फरक दोन-अडीच टक्क्यांचा. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या कंगव्यातला वीतभर लांब केस साबणानं धुऊन त्याचं तेल काढायचं, एक टोक चौकटीला बांधायचं, दुसरं एका हलक्या काडीच्या टोकाशी, टेकूच्या अगदी जवळ. केसाची चार-पाच मिलिमीटरची हालचाल काडीच्या लांब टोकाला मोठी होऊन दिसते. तिच्यामागे पुठ्ठा लावून त्यावर खुणा करायच्या, पण त्या मनानं नाही. ओल्या-कोरड्या जोडीच्या आकड्यांवरून. एक उपकरण दुसऱ्याला शिकवतं.

यानंतर मला एका उपकरणाविरुद्ध बोलायचं आहे. काचेच्या बरणीच्या तोंडावर फुगा ताणून बांधायचा, त्यावर स्ट्रॉ चिकटवायची, आणि झाला वायुदाबमापक. हा प्रयोग जवळपास प्रत्येक पुस्तकात आहे. नागपुरात तो खोटं सांगतो. बरणीत कोंडलेली हवा तापली की फुगते. इथे सकाळ-दुपारच्या तापमानात १५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यानं कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे ५ टक्क्यांनी वाढायला बघतो, म्हणजे जवळजवळ ५० हेक्टोपास्कल. बाहेरचा खरा वायुदाब दिवसभरात बदलतो तो तीन ते पाच हेक्टोपास्कलनं. सूर आवाजात बुडून गेला, अशी गत. आणि फसगत आणखी खोल आहे. आपल्या पट्ट्यात वायुदाब रोज सकाळी १० च्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी ४ च्या सुमारास कमी असतो. बाहेरचा दाब उतरला की फुगा वर उचलला जायला हवा. दुपारी तो उचलला जातोच, पण आतली हवा तापल्यामुळे! उपकरण योग्य वेळी, योग्य दिशेनं आणि चुकीच्या कारणानं हलतं. असं उपकरण मला सरळ बिघडलेल्यापेक्षा धोक्याचं वाटतं, कारण त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.

म्हणून ते टाळू नका, उलट मुद्दाम बनवा आणि उघडं पाडा. बरणीवर ओला टॉवेल गुंडाळा. मिनिटाभरात स्ट्रॉ हलते. शाळेवरचा वायुदाब मिनिटाभरात बदलला का? मुलांना उत्तर द्यावं लागत नाही, ती हसायला लागतात. बरणीऐवजी रुंद तोंडाचा थर्मास वापरला आणि तो आतल्या खोलीत वाळूच्या खोक्यात पुरला, तर खोटेपणा कमी होतो; पुरता जात नाही. वायुदाब खरोखरच दाखवायचा असेल तर सेन्सर असलेला मोबाइल घ्या. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलं की त्यातला आकडा सुमारे एकानं उतरतो, कारण दर ९ मीटरला दाब साधारण १ हेक्टोपास्कलनं कमी होतो. जिना चढताना हवेचं वजन मागे राहिलेलं मुलांना आकड्यात दिसतं.

वाऱ्याच्या उपकरणांवर थोडक्यात. दिशादर्शक बाण सोपा आहे. फक्त लक्षात ठेवायचं की वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव त्याला देतात आणि बाणाचं टोक तिकडेच वळतं. वेगासाठी चार कागदी पेले दोन आडव्या काड्यांना लावून फिरकी करता येते. आयर्लंडचे थॉमस रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये वाट्यांचा असा वेगमापक बनवला आणि वारा वाट्यांच्या तिप्पट वेगानं वाहतो असं मानलं. पुढे कळलं की हा गुणक वाट्यांच्या आणि दांड्यांच्या मापानुसार बदलतो. म्हणजे तुमच्या फिरकीचा गुणक तुम्हालाच काढावा लागणार. वारा पडलेला असताना, पहाटे, रिकाम्या मैदानावर एका शिक्षकानं स्कूटर ताशी १० किलोमीटरनं चालवायची, मागे बसलेल्या दुसऱ्या मोठ्या माणसानं फिरकी उंच धरायची, मुलांनी कडेला उभं राहून रंगवलेल्या पेल्याचे फेरे मोजायचे. मग २० नं. मग उलट्या दिशेनं, म्हणजे असेल नसेल तो वारा वजा होतो. अशी सकाळ मुलं विसरत नाहीत.

आता पाऊस. पर्जन्यमापक हे सगळ्यांत सोपं, फार जुनं आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं उपकरण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. पावसाचं माप द्रोणात आहे: अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत २३, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, अमाप. गोदावरीकाठचा अश्मक आणि कोकण यांतला फरक दोन हजार वर्षांपूर्वीही नोंदला गेला होता. कुंड कोठाराच्या अंगणात ठेवण्यामागे कारण उघड आहे. पाऊस कळला की पीक कळतं, आणि पीक कळलं की सारा.

मुलांचं कुंड म्हणजे दोन लिटरची प्लास्टिकची बाटली. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा, चाडीसारखा, खालच्या भागात बसवायचा. बाटलीचा तळ खाचांचा असतो, म्हणून तळाशी खडे घालून, बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचं आणि ती रेघ शून्य मानायची. पट्टी तिथून वर चिकटवायची. खडे पावसा-वाऱ्यात बाटलीला आडवं होऊ देत नाहीत. यापेक्षा नेमकं हवं असेल तर ११.३ सेंटीमीटर व्यासाची चाडी घ्या. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणून जमलेलं दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या दुकानातल्या सुई नसलेल्या सिरिंजनं पाणी मोजलं की अर्धा मिलिमीटर पाऊसही सुटत नाही.

“पाऊस मिलिमीटरमध्ये का, लिटरमध्ये का नाही?” हा प्रश्न येतोच. वर्गात फरशीवर खडूनं एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखा. त्यावर १ मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर ते बरोबर १ लिटर भरतं. मग घराच्या छताचं माप घ्यायला सांगा. ५० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीतल्या मुलांना पुढचा हिशेब कोणी सांगावा लागत नाही.

जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट तरी लांब. गच्चीशिवाय जागाच नसेल तर गच्चीच्या मधोमध ठेवा आणि वहीत तसं लिहा. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही २४ तासांचा पाऊस तेव्हाच मोजतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे तर वेळ एकच हवी. मोजून झालं की पाणी ओतून टाका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

इथे विदर्भाची एक अडचण आहे. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीला उघडतात. तोवर मृग उलटून गेलेला असतो, बहुतेक वर्षी पहिला पाऊसही पडून गेलेला असतो. शाळा उघडल्यावर पर्जन्यमापक बनवायला घेतला तर हंगामाची सुरुवातच हुकते. म्हणून तो मार्च-एप्रिलमध्ये बनवा आणि सुट्टीत प्रत्येक मुलाच्या घरी पाठवा. त्यातून एक मोठा फायदा पदरात पडतो: एका शाळेची चाळीस केंद्रं होतात. गोधनीत कोसळतो आणि मानेवाड्याला रस्ता कोरडा, हे नागपूरकर बोलत असतातच. चाळीस बाटल्या ते नकाशावर दाखवतात. वहीत तारखेशेजारी नक्षत्राचाही रकाना ठेवा. आजी-आजोबा रोहिणी, मृग, आर्द्रा असाच पाऊस मोजतात. त्यांचे ठोकताळे कुठे जुळतात आणि कुठे नाही, हे दोन-चार वर्षांच्या नोंदींवरून घरातच बघता येईल.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेनं २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांसाठी ‘हवामान समजून घेणं’ हाच विषय दिला होता. नागपुरात अपूर्व विज्ञान मेळ्यात महापालिका शाळांतली मुलं साध्यासुध्या वस्तूंतून केलेले प्रयोग वर्षानुवर्षं लोकांना समजावून सांगत आली आहेत. अशा मेळ्यात बाटलीच्या शेजारी पूर्ण भरलेली पावसाची वही मांडलेली मला बघायची आहे. उपकरण बनवणं आणि ते तपासणं हातात हात घालून कसं चालतं, हे हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांच्या कामात दिसतं. त्या १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या तेव्हा देशाला लागणारी साधी उपकरणंही परदेशातून येत. त्यांनी शंभरेक उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले, ती इथे बनू लागली. पण उपकरणांची एकमेकांशी तुलना आणि तपासणी यावर त्यांचा भर तेवढाच होता.

२३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं. इथे रात्रीच्या एका तुकड्यातच त्याहून कितीतरी जास्त पडला. त्या रात्री कोणत्या मोहल्ल्यात नेमका किती पडला, हे सांगणाऱ्या चाळीस वह्या शहराकडे असत्या तर त्यांचा उपयोग झाला असता.

तेव्हा या वर्षी बाटल्या एप्रिलमध्ये कापा, आणि वही देताना मुलांना एक गोष्ट बजावून सांगा. पाऊस पडला नाही त्या दिवशीही बाटली बघायची आणि रकान्यात ०.० लिहायचं. रकाना रिकामा सोडला तर पाऊस नव्हता की कोणी बघितलंच नाही, हे पुढे कुणालाही कळणार नाही.